दोन काठांची ओढ

मला पाहून बहुतेक जण आधी दचकतात. अंधाऱ्या खोलीत, रिकाम्या पोत्यांच्या मागे, वेटोळं घालून बसलेलं काहीतरी दिसतं आणि माणूस दोन पावलं मागे सरतो. घाबरू नका. मी चावत नाही. मी दोर आहे. मनगटाएवढा जाड, नव्वद हात लांब आणि आता वयाने जरा भुरकट झालेला.

दोर म्हटलं की काहीतरी बांधायचं, असं सगळे समजतात. माझं तसं नाही. मी आयुष्यात एकही गाठोडं बांधलेलं नाही, होडी अडकवलेली नाही, की कुणाची बादली विहिरीत सोडलेली नाही. वर्षातला एक दिवस माझा. त्या दिवशी दोन्ही बाजूंनी वीस-वीस माणसं मला धरायची आणि जीव खाऊन ओढायची. उरलेलं वर्ष मी त्या एका दिवसाची वाट पाहण्यात घालवायचो. आता तो दिवस येत नाही. वाट पाहणं मात्र अजून सुटलेलं नाही.

माझा जन्म ओढ्याकाठच्या एका लांबलचक पत्र्याच्या छपराखाली झाला. मला वळणारे गृहस्थ उंच आणि हडकुळे होते. गाव त्यांना नुसतं 'दोरवाले' म्हणायचं. दोर वळणारा माणूस जन्मभर मागे मागे चालतो. कमरेला तागाचा पेंढा बांधायचा, हातांनी थोडे थोडे तंतू सोडायचे आणि उलटं चालत जायचं, पार छपराच्या दुसऱ्या टोकापर्यंत. ते म्हणायचे, "एवढी मजल मारली मी, पण पुढून काय येतंय ते कधी दिसलं नाही."

या टोकाला चाक फिरवायला त्यांच्या दोन मुली असत. त्यांची आई लवकर गेली होती. थोरली धिप्पाड, हसरी, आवाजाने अख्खं छप्पर भरून टाकणारी. धाकटी बारीक, मोजकं बोलणारी, पण एकदा चाकाची मूठ धरली की सोडायची नाही. दोघी गप्पा मारता मारता चाक फिरवायच्या. गप्पा रंगल्या की वेग वाढायचा आणि पीळ जास्त बसायचा. मग पलीकडच्या टोकावरून बाबांची हाक यायची की जरा दमानं. माझ्या अंगात काही ठिकाणी पीळ घट्ट आहे आणि काही ठिकाणी सैल, त्याचं कारण हे. घट्ट भाग म्हणजे त्या दोघींच्या गप्पा.

मला मुद्दाम बनवून घेतलं होतं. आमचं गाव ओढ्याने दोन भागांत कापलेलं. एका काठावर पिठाची गिरणी, दुसऱ्या काठावर घड्याळाचा मनोरा. गंमत अशी की दोन्ही काठांवरचे लोक स्वतःला अलीकडचे म्हणायचे आणि समोरच्यांना पलीकडचे. म्हणजे गावात सगळेच अलीकडचे आणि सगळेच पलीकडचे. दरवर्षी उन्हाळ्याची सुट्टी संपायच्या आधीच्या शेवटच्या रविवारी ओढ्याकाठी गावाचा मेळावा भरायचा आणि त्यात या दोघांची रस्सीखेच व्हायची. खेळात घोटाळा नको म्हणून शाळेच्या बाईंनी नावं ठरवून दिली होती. गिरणीकडचे आणि घड्याळाकडचे. माझ्या आधीचा दोर म्हणजे कुणाच्या तरी विहिरीवरचा जुना. तो ऐन रंगात तुटला आणि दोन्ही बाजूंची चाळीस माणसं एकाच वेळी पाठीवर आडवी झाली. बाईंचा चष्मा त्या गोंधळात गेला तो गेलाच. तेव्हा मंडळी दोरवाल्यांकडे आली आणि म्हणाली, असा दोर करा की माणसं तुटतील पण तो तुटणार नाही.

तो पहिला मेळावा मला आजही लख्ख आठवतो. उन्हाळा सरत आलेला. काठावरचं गवत पिवळं पडलेलं आणि ओढ्याचं पाणी इतकं खाली गेलेलं, की एरवी कधी न दिसणारे गोल दगड पाठ वर काढून बसलेले. पाण्यात जाळीत बांधून कलिंगडं थंड करायला ठेवली होती. अग्निशामक दलाचा बँड आला होता. त्यांना चारच चाली यायच्या, त्या ते आलटून पालटून वाजवायचे. पोती घालून उड्या मारायची शर्यत झाली, तीन पायांची शर्यत झाली. म्हातारी माणसं झाडाखाली खुर्च्या टाकून बसली होती आणि कुणी काय चुकीचं केलं ते एकमेकांना सांगत होती. भिजलेल्या पोरांचे कपडे लाकडी पुलाच्या कठड्यावर वाळत होते.

दुसऱ्या आठवड्यात शाळा उघडणार, कामं सुरू होणार, दिवस लहान होत जाणार, हे त्या गर्दीतल्या प्रत्येकाला माहीत असायचं. त्यामुळे असेल, पण त्या दिवशी माणसं जरा जास्तच हसायची.

दुपार कलली की मला ओढ्यावरून आडवा टाकायचे. मधोमध लाल फडकं बांधायचे. गिरणीकडचे या काठावर, घड्याळाकडचे त्या काठावर. ज्या बाजूचा पहिला माणूस पाण्यात पडेल ती बाजू हरली.

मी माणसांना तोंडावरून ओळखत नाही, तळव्यांवरून ओळखतो. बेकरीवाल्याचा तळवा कायम ऊबदार. शिंप्याच्या एका बोटाचं टोक सुईने दगडासारखं झालेलं. शाळेच्या बाईंच्या हाताला सुट्टीतही खडूचा वास. ओढण्याआधी सगळेच तळव्यावर थुंकायचे, ज्यांना घरी त्याबद्दल बोलणी बसायची तेसुद्धा. आणि एक गुपित सांगतो. मधले निम्मे लोक ओढतच नाहीत. नुसते दात-ओठ खातात, मान मागे टाकतात, मोठमोठ्याने कण्हतात. खरं ओढणारी माणसं असतात टोकाला.

पहिली दोन वर्षं दोघी बहिणी गिरणीच्या बाजूने टोकाला होत्या. शेवटची धाकटी. ती मला कमरेभोवती एक वेढा द्यायची आणि टाचा जमिनीत रोवून मागे झुकायची. तिच्या पुढे थोरली. गिरणीकडचे दोन्ही वर्षी जिंकले. तिसऱ्या वर्षी थोरलीचं लग्न मनोऱ्याच्या घड्याळाची देखभाल करणाऱ्या घड्याळजीशी झालं. पुलावरून चार मिनिटांचं अंतर, पण पलीकडे ते पलीकडेच. त्या उन्हाळ्यात ती समोरच्या काठावर, माझ्या दुसऱ्या टोकाला उभी राहिली.

पंच म्हणून दोरवाल्यांना पुलावर उभं केलं होतं. त्यांनी रुमाल खाली टाकला की ओढायला सुरुवात. कुणीतरी त्यांना खोडसाळपणे विचारलं, दोन्ही टोकांना तुमच्या पोरी, मग तुमचा जीव कुणाकडे? ते म्हणाले, "दोर तुटला नाही म्हणजे झालं."

त्या वर्षी मी पाऊण तास एका जागी थरथरत राहिलो. लाल फडकं हलेना. शेवटी दोघींना एकाच वेळी हसू फुटलं, का ते त्यांनाच ठाऊक, आणि दोन्हीकडची माणसं धडाधड पाण्यात. एवढं सुख माझ्या वाट्याला पुन्हा कधी आलं नाही. पुढची सहा-सात वर्षं मात्र चांगली गेली. कधी हे जिंकायचे, कधी ते. संध्याकाळी दोघी बहिणी ओल्या कपड्यांनी एकाच खुर्चीत कशाबशा बसून कलिंगड खायच्या आणि बाबा त्यांना सांगायचे की तुम्ही दोघींनी चुकीचंच ओढलंत.

मग ते झालं.

हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, ऐकलेलं आहे. मला वर्षभर गिरणीच्या मागच्या खोलीत ठेवत, आणि गिरणीत सगळ्या गावाच्या गोष्टी दळल्या जातात. त्या वर्षी थंडी सुरू होत असताना धाकटी दोर पोचवायला बंदराच्या गावी गेली होती. घरी बाबा एकटे. ते छपराखाली काम करताना कोसळले. थोरली धावत आली. दवाखान्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की इथे काही होणार नाही, शहरातल्या मोठ्या इस्पितळात न्या, आत्ताच्या आत्ता. तेव्हा घरोघरी फोन नव्हते. थोरलीने बाबांना गाडीत घातलं आणि जाता जाता गिरणीच्या दाराशी थांबून गिरणीवाल्या काकांना निरोप दिला. धाकटी संध्याकाळी परत येईल, तिला सांगा, मिळेल त्या गाडीने थेट इस्पितळात ये म्हणावं.

गिरणी चालू होती. काकांनी मान हलवली. त्या दिवशी पट्टा तुटला होता, गिऱ्हाइकांची रांग दारापर्यंत लागली होती, कुणाशी तरी पीठ जाड निघाल्यावरून वाद चालला होता. संध्याकाळी धाकटी रिकामी हातगाडी घेऊन समोरून गेली. काकांनी तिला पाहिलंसुद्धा. पण निरोप डोक्यातून गेला होता. घर रिकामं पाहून धाकटीला वाटलं, बाबा ताईकडे राहिले असतील. आठवण झाली ती दुसऱ्या दिवशी दुपारी. ते तसेच पिठाने माखलेले तिच्या घरी गेले आणि निरोप सांगितला. घाबरलेली ती म्हणाली, तुम्हाला कधी कळलं? आणि काका म्हणाले, आत्ताच.

एवढाच शब्द. धाकटी मिळेल त्या गाडीने गेली. इस्पितळात पोचली तेव्हा बाबा जाऊन पाच तास झाले होते. जाईपर्यंत ते तिची चौकशी करत होते.

थोरली म्हणाली, मी निरोप ठेवला होता, तू का आली नाहीस? धाकटी म्हणाली, मला आज दुपारी कळलं. गावी आल्यावर तिने काकांना पुन्हा विचारलं. तोवर माणसं जमली होती, सगळ्यांच्या देखत काकांना आपलाच शब्द फिरवता आला नाही. धाकटीला वाटलं, ताईने वेळेवर कळवलं नाही आणि आता निरोपाचं खोटं पुढे करते आहे. थोरलीला वाटलं, ही उशिरा आली आणि दोष माझ्यावर ढकलते आहे. दोघींनी एकमेकींना एकेक वाक्य असं ऐकवलं की ते परत घेता येईना. त्यानंतर दोघींमधलं बोलणं संपलं.

पुढच्या उन्हाळ्यात मेळावा भरला. मला वाटलं होतं, दोघींपैकी एकजण तरी येणार नाही. पण दोघी आल्या. दोघी टोकाला उभ्या राहिल्या. धाकटीने मला कमरेला वेढा दिला, पलीकडे थोरलीनेही दिला, आणि रुमाल पडला.

मी चांगला दणकट दोर आहे, पण त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की तुटेन. खेळ म्हणून ओढलेलं वेगळं असतं. त्या दोघी मला जणू विचारत होत्या, सांग, कोण खरं बोलतंय? मला माहीत नव्हतं. संध्याकाळी कळलं.

मेळावा उरकल्यावर काका मला मागच्या खोलीत वेटोळं करून ठेवत होते. काकू दारात उभ्या होत्या. काकांचे हात मध्येच थांबले. ते म्हणाले, "निरोप माझ्याकडे आदल्या दिवशीच आला होता."

काकू उंबरा ओलांडून आत आल्या. मग म्हणाल्या, "मग सांगा जाऊन. अजून उजेड आहे."

काका म्हणाले, आता सांगून दोरवाले परत येणार आहेत का? आणि मला खोलीत ठेवून त्यांनी दार ओढून घेतलं.

तेव्हापासून ते मलाही ठाऊक होतं. ज्याला तोंड आहे तो गप्प, आणि मला तोंडच नाही. तुम्हाला वाटेल, दोराला कसलं आलंय दुःख. पण विचार करा. आठ उन्हाळे त्या दोघी माझी दोन टोकं धरून उभ्या राहिल्या. वर्षभर रस्त्यात समोरासमोर आल्या तर एकजण बोळात वळायची. बाजारात एकीने वांगी निवडली की दुसरी तिथे थांबायची नाही. फक्त त्या एका दुपारी त्यांना एकमेकींचा हात लागायचा, माझ्यातून. धाकटीला ताईची ओढ ओळखू यायची. थोरलीला समजायचं की आज धाकटीचा खांदा दुखतोय, मग ती किंचित सैल सोडायची. हे मला कळायचं. त्यांनाही कळत असणार. पण खेळ संपला की दोघी मला जमिनीवर टाकून आपापल्या वाटेने निघून जायच्या. कलिंगडापाशी थांबायच्या नाहीत.

काकूंनी पुन्हा दोनदा विषय काढलेला मी ऐकला. मग त्या आजारी पडल्या आणि गेल्या. काका एकटे झाले. पंचाचं काम आता त्यांच्याकडे आलं होतं.

नवव्या वर्षी मला ओढ्यावर टाकलं, आणि पलीकडच्या टोकाला भलतेच हात लागले. कोवळे, घाई करणारे. थोरली नव्हती. ती झाडाखालच्या खुर्चीत बसली होती, त्या उकाड्यात अंगाभोवती शाल गुंडाळून. हिवाळाभर आजारी होती, असं लोक बोलत होते. केवढी होती आणि केवढीशी झाली, असंही. तिच्या मुलीने तिला धरून आणलं होतं. बघायला येईन, एवढंच तिने घरी सांगितलं होतं म्हणे.

धाकटीने मला कमरेला वेढा दिला. तिने समोर पाहिलं, माझ्या बाजूने शेवटपर्यंत, आणि तिथे ताई दिसेना म्हणून तिची नजर शोधत शोधत त्या खुर्चीपर्यंत गेली. तिचा श्वास थांबलेला मला वेढ्यातून जाणवला.

पुलावर काकांनी रुमाल वर केला होता. सगळे तयार होते. बँड थांबला होता. रुमाल काही पडेना. लोक कुजबुजायला लागले. काका रुमाल तसाच हातात धरून पुलावरून उतरले, गिरणीच्या काठाने वीस माणसांच्या रांगेशेजारून चालत शेवटी आले, आणि धाकटीसमोर उभे राहिले. बाकीच्यांना ऐकू गेलं नसेल. मी तिच्या कमरेला होतो.

ते म्हणाले, "निरोप तुझ्या ताईने वेळेवर दिला होता. मी विसरलो. आणि मग खोटं बोललो."

धाकटी त्यांच्याकडे बघत राहिली. रागाने नाही. जसं एखादं ओझं उचलायच्या आधी माणूस ते किती जड असेल याचा अंदाज घेतो, तसं.

"नऊ वर्षं मी रोज तुमच्या दारावरून जात होते, काका," ती म्हणाली.

धाकटीने मला कमरेवरून सोडवलं. पण हातातून टाकलं नाही. एक हात माझ्यावर ठेवून ती रांगेच्या बाजूने चालत निघाली, काठापर्यंत आली, आणि चपलांसकट पाण्यात उतरली. पुलावरून जाता आलं असतं. तिच्या डोक्यात पूल आलाच नसावा. पाणी गुडघ्यापर्यंत होतं. ती माझ्या आधाराने एकेक पाऊल टाकत होती, गोल दगडांवरून घसरत होती. घड्याळाकडच्यांना वाटलं, ही गिरणीकडच्यांची काहीतरी नवी युक्ती आहे. त्यांच्यातला एकजण म्हणाला की हे नियमात बसत नाही. शाळेच्या बाईंनी त्याला गप्प केलं.

ती लाल फडकं ओलांडून पलीकडे गेली. काठ चढली. खुर्चीसमोर जाऊन उभी राहिली. आता सगळा मेळावा इतका शांत होता की तिच्या पदराचं पाणी ठिबकतानाही ऐकू येत होतं.

"ताई, निरोप मिळाला," ती म्हणाली. "आज मिळाला."

थोरलीने तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या मागे, पलीकडच्या काठावर रुमाल हातात धरून उभ्या असलेल्या म्हाताऱ्याकडे पाहिलं. तिला समजायला वेळ लागला नाही. ती खुर्चीत एका बाजूला सरकली. आता जागा पुष्कळ होती.

"बस," ती म्हणाली. "पाय भिजलेत तुझे."

त्यानंतर दोघी काय बोलल्या ते मला माहीत नाही. मी अर्धा पाण्यात होतो आणि कुणाला मला उचलायची शुद्ध राहिली नव्हती. फार लांबून, पाण्याच्या आवाजातून, मला मधूनच थोरलीचं हसणं ऐकू आल्यासारखं वाटलं. खात्री नाही. पण मी ते धरून ठेवलंय.

गोष्ट इथे गोड झाली असं समजू नका. धाकटीने काकांना माफ करायला वेळ घेतला. दोन वर्षं ती दळणाचा डबा घेऊन तीन मैलांवरच्या दुसऱ्या गिरणीत जायची. काका दारात उभे राहून तिला जाताना बघायचे. मग एका सकाळी तिने डबा त्यांच्यासमोर ठेवला, बारीक दळा म्हणाली, आणि बाकावर बसून राहिली. काकांनी त्या दिवशी गिरणी दोनदा थांबवून पीठ बोटांत घेऊन पाहिलं.

बहिणींना त्यानंतर तीन उन्हाळे मिळाले. दोघी मिळून पंच व्हायच्या आणि निकालावरून पुलावरच भांडायच्या. तिसऱ्या उन्हाळ्यात थोरलीला पूल चढवेना. मग धाकटी तिच्या खुर्चीजवळ बसून सगळा खेळ तिला तोंडाने सांगायची, आता हा घसरला, आता तो रडतोय. समोर दिसत असलेलं सगळं. थोरली मन लावून ऐकायची. त्या पुढच्या हिवाळ्यात ती गेली. या वेळी धाकटी जवळ होती.

नंतरच्या मेळाव्यात धाकटी पुन्हा टोकाला येऊन उभी राहिली. मला कमरेला वेढा दिला. रुमाल पडला. तिने ओढलं नाही. ती मला नुसती धरून उभी राहिली, मान किंचित कलती करून, जसं दाराला कान लावून आतली चाहूल घ्यावी तसं. पलीकडून चाहूल आली नाही. गिरणीकडचे त्या वर्षी हरले आणि कुणी तिला बोल लावला नाही.

मेळावा कुणी बंद केला नाही. तसा ठराव वगैरे झाला नाही. काका गेले, बाई मुलाकडे राहायला गेल्या, बँडवाले पांगले. सुट्टीच्या शेवटी लोक आता गाड्या काढून लांब समुद्रावर जातात, आणि जावंच, समुद्र मोठा असतो. एका उन्हाळ्यात मला न्यायला कुणी आलं नाही, एवढंच. मला वाटलं, उशीर झाला असेल. संध्याकाळपर्यंत मी तसंच समजत होतो.

गिरणी बंद होऊन बरीच वर्षं झाली. छताच्या पत्र्यातून ऊन पडतं, त्याच्या कलण्यावरून मला दिवस समजतात. उंदरांनी एका टोकाचे तंतू कुरतडलेत, पण पीळ शाबूत आहे. धाकटी अजून येते. तिच्या हातावर आता नुसत्या शिरा उरल्यात. उन्हाळा सरत आला की ती काठी टेकत येते, मला थोडा थोडा ओढून बाहेर काढते आणि भिंतीवर पसरून ऊन दाखवते. दोराला ऊन दाखवलं नाही तर तो आतून कुजतो, हे तिला बाबांनी शिकवलेलं. सबंध मी आता तिला झेपत नाही. एक टोक बाहेर येतं, बाकीचा मी आतच राहतो. मग ती पायरीवर बसते, ते टोक मांडीवर घेते आणि ओढ्याकडे बघत राहते. बोलत नाही फारसं. परवा आली होती तेव्हा एवढंच म्हणाली, की यंदा पाणी बरं आहे, गुडघाभर असेल.

तुम्ही इतका वेळ ऐकलंत म्हणून एक मागतो. मला काचेच्या कपाटात ठेवू नका, खाली चिठ्ठी लावून. ओझं बांधायला न्यायचं तर खुशाल न्या, पण त्याआधी एक दुपार द्या. फार माणसं नकोत. दहा या बाजूला, दहा त्या बाजूला. ओढता नाही आलं तरी चालेल, मधल्यांनी तर तसंही कधी ओढलं नाही. तळवे मात्र खरे हवेत, घामेजलेले, पिठाचे, खडूचे, ज्याचे जसे असतील तसे. धाकटीसाठी एक खुर्ची आणा आणि ती झाडाखाली नका ठेवू, अगदी काठाला ठेवा, म्हणजे खेळ तिला कुणी तोंडाने सांगायची गरज पडणार नाही.

दाराला कुलूप नाही. कडी नुसती अडकवलेली आहे. सुट्टी संपायला अजून पाच दिवस आहेत.